दिलेल्या मताचा धनी कोण?

निवडणुकीच्या आपल्या भाषेत उमेदवार ‘अपक्ष’ असू शकतो, मतदाराला मात्र तो शब्द कोणी लावत नाही. कोणत्याच पक्षाला बांधून न घेतलेला मतदार ‘कुंपणावरचा’ ठरतो, फार तर ‘तरंगता’. मतांची मोजदाद ‘हक्काची मते’ आणि ‘गठ्ठा मते’ अशी होते. दर वेळी नव्याने विचार करून मत देणाऱ्या माणसासाठी या भाषेत आदराचा एकही शब्द नाही. वास्तविक निकाल फिरतो तो याच माणसामुळे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राने ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि १७ महायुतीला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० च्या आसपास जागा महायुतीच्या झाल्या. सहा महिन्यांत एवढे अंतर पक्षाला कायमचे चिकटलेले मतदार घडवत नाहीत. तरीही आज सगळ्यांत जास्त वैतागलेला आहे तो हाच मतदार. त्याच्या दोन तक्रारी आहेत. पक्षांना धरबंध उरलेला नाही ही एक, आणि प्रचारात कामाचे काही बोलले जात नाही ही दुसरी. या दोन तक्रारी वेगवेगळ्या मानल्या जातात. एकीसाठी नेत्यांच्या नीतिमत्तेला बोल लावला जातो, दुसरीसाठी वाहिन्यांना. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. मत दिल्यानंतर त्याचा धनी मतदार उरत नाही, आणि जो शब्द पाळण्याचे कोणावर बंधन नाही त्या शब्दावर प्रचारात वाद घालण्यात कोणालाच रस नसतो.

२०१९ ते २०२४ या पाच वर्षांचा महाराष्ट्राचा हिशेब त्यासाठी तारखांसकट मांडायला हवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मतदारापुढे दोन ठळक पर्याय होते: भाजप-शिवसेना युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या; युतीला बहुमत होते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा पहाटेचा शपथविधी झाला आणि तीन दिवसांत ते सरकार गेले. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने शपथ घेतली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांचे बंड झाले, आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार त्याच सरकारात सामील झाले. आता २०१९ चा कोणताही मतदार घ्या. भाजपला मत दिलेल्याने पाहिले की ज्यांच्यावर सिंचन घोटाळ्याचे आरोप आपल्याच पक्षाने वर्षानुवर्षे केले, ते आपल्या मताच्या जोरावर उपमुख्यमंत्री झाले. शिवसेनेच्या मतदाराचे मत आधी काँग्रेसच्या शेजारी बसले आणि मग दोन तुकड्यांत वाटले गेले. काँग्रेसच्या मतदाराच्या मतातून शिवसेनेचा मुख्यमंत्री झाला, राष्ट्रवादीच्या मतदाराच्या मतातून भाजपचे सरकार भक्कम झाले. चारही प्रमुख पक्षांच्या मतदाराचे मत ज्यांच्या विरोधात पडले होते त्यांच्याच कामी आले, आणि चौघांपैकी एकालाही मध्ये कोणी विचारले नाही.

गोव्याची कहाणी याहून लहान आणि याहून स्पष्ट आहे. २०१७ मध्ये ४० जणांच्या सभागृहात काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा होत्या. सरकार भाजपचे झाले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ आमदारांपैकी १० जण भाजपमध्ये गेले. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. एखाद्या पक्षाला आपल्या उमेदवारांकडून देवासमोर शपथ घ्यावी लागते, याचा अर्थ कायद्याच्या शपथेवर त्याचा विश्वास उरलेला नाही असाच होतो.

कायदा तर आहे. १९६७ नंतरच्या ‘आयाराम-गयाराम’ काळाला कंटाळून १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो या दुरुस्तीने आला. म्हणजे पक्षाला घटनेत जागा मिळाली ती मुख्यतः आमदार-खासदाराला बांधून ठेवणारा मालक म्हणून. सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मान्य होती. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती सवलत काढली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडी ठेवली. गोव्यातले दोन्ही घाऊक प्रवेश याच वाटेने झाले. महाराष्ट्रात तेवढीही गरज पडली नाही. फुटलेल्या गटांनी आपणच मूळ पक्ष आहोत असा दावा केला. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला. शिवसेनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश चुकीचा ठरवला, पण ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही असे सांगितले आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. तो निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. बंडाला दीड वर्ष उलटून गेले होते, आणि दोन्हींपैकी एकाही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते, मोठ्या संख्येने सोडला तर सोडणाराच पक्ष ठरतो, असा या कायद्याचा व्यवहारातला अर्थ झाला आहे.

या कायद्याचा दुसरा परिणाम कमी दिसतो आणि जास्त खोल आहे. पक्षादेश मोडून मतदान केले तरी सदस्यत्व जाते, आणि हा पक्षादेश केवळ विश्वासदर्शक ठरावापुरता नसतो. कोणत्याही साध्या विधेयकावर तो काढता येतो. त्यामुळे सोयाबीनच्या खरेदीवर मराठवाड्यातल्या सत्ताधारी आमदाराचे मत सरकारहून वेगळे असले तरी सभागृहात मतदानाने ते दाखवण्याची सोय नाही. मग आमदाराने विषयाचा अभ्यास कशासाठी करायचा? अधिवेशनेही आखडत चालली आहेत. निवडणुकीनंतरचे नागपूरचे पहिले हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर २०२४ असे एका आठवड्यात उरकले. सभागृहात पाच वर्षे ज्या प्रश्नांचा कीस पडला नाही, ते प्रश्न प्रचाराच्या पंधरा दिवसांत अचानक नीट मांडले जातील अशी अपेक्षाच चुकीची आहे. प्रचाराचा कच्चा माल सभागृहात तयार व्हायला हवा, आणि तो तिथे तयार होत नाही.

२०२४ चा विधानसभेचा प्रचार आठवून पाहावा. ‘बटेंगे तो कटेंगे’, ‘एक है तो सेफ है’, ‘गद्दार’, ‘खोके’ हे त्या प्रचाराचे शब्द होते. सकाळी एक नेता काही बोले, दुपारी दुसरा उत्तर देई, रात्री वाहिन्यांवर त्या दोघांवर चर्चा होई. त्याच दिवसांत विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन बाजारात येत होते. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून बराच कमी दर मिळत होता. लाखो कुटुंबांचा हा प्रश्न असल्यामुळे पक्षांनी त्याची दखल घेतली, पण कशी? एका बाजूने ६ हजारांचा भाव कबूल केला, दुसऱ्या बाजूने ७ हजारांचा. लिलावासारखी ही बोली संपली आणि विषयही संपला. खरी चर्चा पुढच्या प्रश्नांवर व्हायला हवी होती. एकूण पिकातले किती सोयाबीन सरकार खरेदी करू शकते, बारदाना वेळेवर येतो का, माल ठेवायला गोदामे आहेत का? पावसाने भिजलेल्या मालात ओलावा १२ टक्क्यांहून जास्त निघाला की खरेदी केंद्रावरून गाडी परत जाते; ही मर्यादा ऐन प्रचारात १५ टक्क्यांवर नेली गेली, पण हंगामाआधीच ती का शिथिल झाली नाही, हे कोणत्या व्यासपीठावर विचारले गेले? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यावरचे आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवूनही सोयाबीनचा भाव का चढला नाही? त्यात सोयाबीन पेंडीच्या पडलेल्या भावाचा वाटा किती? मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक थेट शेतकऱ्याला देणारी भावांतर योजना करून पाहिली, तिच्यातून काय घ्यायचे? हे प्रश्न अवघड नाहीत. कोणत्याही बाजार समितीच्या आवारात ते रोज बोलले जातात. प्रचाराच्या सभेत मात्र ते पोचत नाहीत, कारण ७ हजारांचा भाव सांगणाऱ्याला तो देण्याची रीत विचारली जाणार नाही याची खात्री असते.

‘लाडकी बहीण’ योजनेचेही असेच झाले. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून पैसा कधी आलाच नाही, तिच्यासाठी दरमहा १,५०० रुपये ही मोठी गोष्ट आहे, आणि तिला ‘फुकट्यांत’ काढणारी टीका मला अन्यायाची वाटते. प्रश्न हिशेबाचा आहे. लाभार्थी सुमारे २ कोटी ४० लाख धरले तर १,५०० रुपयांनी वर्षाला ४३,२०० कोटी लागतात. महायुतीने २,१०० रुपयांचे वचन दिले. त्याचे ६०,४८० कोटी होतात. महाविकास आघाडीने ३,००० रुपये कबूल केले. त्याचे ८६,४०० कोटी. हा गुणाकार शाळेतले मूल करील. एवढा पैसा कोणत्या करातून येणार किंवा कोणता खर्च कापला जाणार, हे दोघांनीही सांगितले नाही. भाजपचे ‘संकल्पपत्र’ आणि आघाडीचा ‘महाराष्ट्रनामा’ एकाच दिवशी, १० नोव्हेंबरला प्रसिद्ध झाले. प्रचार १८ नोव्हेंबरला थांबला. पाच वर्षांच्या कारभाराची वचने वाचायला, तपासायला आणि त्यांवर प्रश्न विचारायला मतदाराला आठवडाभर मिळाला. मार्च २०२५ मधल्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद आली आणि २,१०० चा आकडा त्यात नव्हता. कर्जमाफीचे वचनही होते. त्याच महिन्याच्या अखेरीस शेतकऱ्यांना ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरण्यास सांगण्यात आले.

यावर कोणी म्हणेल की निवडणुकीत हिशेब कधीच चालत नाही, लोक भावनेवरच मत देतात. महाराष्ट्राचा इतिहास याला साक्ष देत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीइतकी भावना क्वचितच कोणत्या राजकारणात असेल, पण १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने भावनेच्या पोटात एक नेमका प्रश्न ठेवला होता: मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य हवे की नको. एस. एम. जोशी, डांगे आणि आचार्य अत्रे यांचे पक्ष आणि विचार वेगळे होते, तरी त्या प्रश्नाचे उत्तर बदलून कोणी दुसऱ्या दारात गेले असते तर मतदाराला ते लगेच कळले असते. दुसरे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना दुष्काळाच्या काळात राज्यभर राबवली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला आणि सरकारनेही तेवढीच भर घालायचे ठरले. शहरातल्या पगारदाराकडून घेतलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या कामावर खर्च होणार, हे उघड सांगून केलेले ते धोरण होते. म्हणजे मोठे वचन आणि त्याचा पैसा एकाच श्वासात मांडणे या राज्याला जमले आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पक्षफुटीचा लोकांना राग होता तर २०२४ मध्ये त्यांनी फुटलेल्यांनाच एवढे बहुमत का दिले? मतदानही २०१९ मधल्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. वैतागलेला मतदार घरी बसायला हवा होता. पण नोव्हेंबरचा निकाल फुटीला मान्यता मानायचा तर सहा महिन्यांपूर्वीचा लोकसभेचा निकाल फुटीचा धिक्कार मानावा लागेल, आणि एकच मतदार दोन्ही एकाच वेळी म्हणू शकत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याला जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर त्याने दिले. जून २०२२ मध्ये किंवा जुलै २०२३ मध्ये त्याला प्रश्न विचारलाच गेला नव्हता, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच विषयांवर दिलेले मत त्या वेळच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. मतदानाची टक्केवारी वाढली याचा मला इतकाच अर्थ दिसतो की माणसाला आपले मत अजून मोलाचे वाटते.

मग पक्षच नकोत, असे काही जण म्हणतात. ही कल्पना फुटकळ नाही. तिच्यामागे मोठी माणसे आहेत. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ साली स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष बरखास्त केला, आणि त्यांच्या विचारांच्या वर्तुळात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि वि. म. तारकुंडे यांच्यासारखे मराठी विचारवंत होते. विनोबांनी राजनीतीऐवजी लोकनीती हा शब्द दिला. जयप्रकाश नारायण यांनी पक्षविरहित लोकशाहीचा आग्रह धरला. पण आणीबाणीनंतर हुकूमशाहीला निवडणुकीत हरवायची वेळ आली, तेव्हा १९७७ मध्ये त्याच जयप्रकाशांना पक्ष एकत्र करून नवा पक्ष उभा करावा लागला. आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका आजही पक्षचिन्हावर होत नाहीत. पक्ष तिथून गेले का? मतमोजणी संपताच प्रत्येक पक्ष आपले सरपंच किती ते जाहीर करतो आणि त्या आकड्यांचा ताळमेळ कोणालाच लावता येत नाही. चिन्ह काढल्याने पक्ष जात नाही, फक्त त्याची जबाबदारी दिसेनाशी होते. उलट सांगोल्याचे गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले, ते सत्तेत क्वचित असलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे म्हणून.

अपक्ष उमेदवाराचाही आधार डळमळीत आहे. १९९५ मध्ये महाराष्ट्राने ४५ अपक्ष निवडून दिले. २०२४ मध्ये दोन, आणि तेही मूळचे पक्षातले बंडखोर. सांगलीतून लोकसभेवर अपक्ष गेलेले विशाल पाटील काँग्रेसच्याच घरातले. ‘नोटा’ तर याहून निराशाजनक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हे बटण आले. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला, निकालावर त्याचा कायद्याने काहीही परिणाम झाला नाही. ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक घेण्याचा आदेश महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला, पण तो स्थानिक संस्थांपुरताच, आणि त्या निवडणुकाच वर्षानुवर्षे लांबल्या. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले.

तेव्हा पक्ष हवेतच, पण मतदाराच्या ताब्यातले. त्याची वाट नव्याने शोधायची गरज नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच सुचवले होते की सदस्यत्व जाण्याची शिक्षा पक्ष सोडण्यापुरती आणि विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवावी, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांऐवजी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी द्यावा. त्याला मी विलीनीकरणाची सवलत काढण्याची जोड देईन. एकटा जावो की चाळीस जणांना घेऊन जावो, पक्ष सोडणाऱ्याची जागा रिकामी व्हावी आणि त्याने पुन्हा मतदाराकडे यावे. यात वारंवार पोटनिवडणुका होतील, खर्च वाढेल, सरकारे अस्थिर होतील असे म्हटले जाते. आजच्या व्यवस्थेत महाराष्ट्राला पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री मिळाले. स्थैर्याचा दावा तिला शोभत नाही. कर्नाटकात २०१९ मध्ये १७ आमदार अपात्र ठरले, डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि भाजपने त्यातल्या १२ जिंकल्या. बहुतेक पक्ष सोडणारे पुन्हा निवडून आले. मला तो निकाल खटकत नाही. तिथल्या मतदाराला विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले. महाराष्ट्रातल्या मतदाराला ती संधी मिळाली नाही. काँग्रेसच्या २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात पक्षांतर करणाऱ्याचे सदस्यत्व आपोआप जावे असे वचन होते, तरी प्रचारात त्यावर वाद झाला नाही. त्याच निवडणुकीच्या काळात, मे महिन्यात, दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि एका ज्येष्ठ संपादकांनी पंतप्रधान आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले होते. ती चर्चा झालीच नाही. जाहीरनाम्यातल्या वचनाला पैसा कुठून येणार हे ढोबळपणे सांगावे, असे आदर्श आचारसंहिता २०१४ पासून म्हणते, आणि तो हिशेब ठरावीक नमुन्यात घ्यावा असा प्रस्ताव आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मांडला होता. याला कायद्याचे बळ देता येते, जाहीरनामा मतदानाआधी महिनाभर देण्याची सक्तीही करता येते.

कायदा बदलायला मात्र ज्यांना आजची व्यवस्था सोयीची आहे त्यांचीच संमती लागते, आणि तोवर मतदाराच्या हाती एक काम उरते. ‘संकल्पपत्र’ आणि ‘महाराष्ट्रनामा’ दोन्ही जपून ठेवा. पुढची विधानसभा निवडणूक वेळेवर झाली तर ती २०२९ मध्ये असेल. उमेदवार मते मागायला दारात आला की त्याच्या पक्षाचा २०२४ चा कागद त्याच्यापुढे ठेवा, त्यातली एक ओळ निवडा आणि तिचे पुढे काय झाले ते विचारा. आणि निवडून आल्यावर पक्ष बदलला तर राजीनामा देऊन पुन्हा मत मागायला याल का, हे त्याच्याकडून चारचौघांत वदवून घ्या.